रेती उकरायची नाही

आमच्या बैठकीत टीव्हीच्या बाजूला काचेची एक टाकी आहे आणि त्या टाकीत एक मासा आहे. आहे, असं मी आज ठामपणे लिहितो आहे. पण सकाळपासून तो मला दिसलेला नाही. कालही दिसला नव्हता. पाहुणे येतात, टाकीजवळ वाकतात, रेती पाहतात, पाणी पाहतात, बुडबुडे सोडणारी मोटर पाहतात आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहून विचारतात, "मास्तर, रिकामीच ठेवली का टाकी?"

मी मानोऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. मला फार लवकर अपराधी वाटतं. गल्लीतली लाइट गेली तर मी आधी आमच्या घरातला पाण्याचा हीटर बंद करतो आणि मग कंदील शोधतो. एकदा देवळाबाहेरून चुकून दुसऱ्याच्या चपला घालून आलो. परत करायला गेलो, तर त्या भल्या माणसाला आपल्या चपला गेल्याचा पत्ताच नव्हता. मी इतकी माफी मागितली की शेवटी तोच ओशाळला. आणि त्या गडबडीत मी घरी आलो तो अनवाणी. माझी बायको म्हणते, "गावात कुठीबी भांडं पडलं, का ह्यायचा हात आपल्या कानाले जाते."

तर हा मासा माझा नाही. माझ्या मुलीचा आहे. आम्हाला ती एकुलती एक. ती अकोल्याला शेतकी शिकायला गेली त्या वर्षी दिवाळीत आम्ही तिच्या मामाकडे, इंझोरीला गेलो होतो. पाऊसकाळ संपून अडाण नदी निवळली होती. काठाजवळ घोट्याएवढं स्वच्छ पाणी आणि खाली नितळ, पिवळट रेती. मुलगी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी होती आणि मी काठावर उभा राहून "सांभाळ, सांभाळ" म्हणत होतो. घोटाभर पाण्यात काय सांभाळायचं, ते मलाही माहीत नव्हतं.

"बाबा, इकडे पाहा," ती म्हणाली. "दिसते का काई?"

मला रेती दिसली. ती म्हणाली, नीट पाहा. मी चष्मा पुसून पाहिलं, तरी रेतीच दिसली. मग तिने बोट दाखवलं तिथे रेतीतून मोहरीएवढे दोन काळे डोळे वर आलेले मला दिसले. बाकी काही नाही. नुसते डोळे, आणि ते माझ्याकडे पाहत होते. मला उगाचच वाटलं की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता डोकावतो आहोत.

मी वाकून धरायला गेलो. रेतीचा एक छोटासा धुरळा उठला आणि डोळे गेले.

"असा नाई धरत त्याले," मुलगी हसली. "मासा नाई धरायचा. रेती धरायची. तो रेती सोडत नाई."

तिने दोन्ही हात पसरून रेतीत खोल घातले आणि ओंजळभर रेती अलगद वर उचलली. बोटांच्या फटींतून पाणी गळालं, रेती सरकली आणि तिच्या तळव्यावर बोटाएवढा एक मासा वळवळला. रंग अगदी रेतीचा, कुशीवर तपकिरी ठिपक्यांची एक ओळ, आणि तोंडाभोवती बारीक मिशा. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबणाऱ्या त्या मिशांमुळे त्याचा चेहरा कायम जरा दुःखी वाटायचा.

बायकोने काठावरूनच पाहिलं आणि निकाल दिला, "तोंड तं थेट तुमच्यासारखं हाय."

आमच्याकडे अशा बारीक माशांना वेगळं नाव कुणी देत नाही. बाजारात सगळ्या एकाच टोपलीत, सगळ्या मासोळ्या. तिकडे घाटाकडे मुरी म्हणतात म्हणे. आणि मोठ्या शहरांत काचेच्या टाक्यांसाठी मासे विकणारे दुकानदार याच्या भाऊबंदांना लोच म्हणतात, हौशी लोक आवडीने घेऊन जातात, अशी माहिती मुलीने दिली. बायको म्हणाली, "जो दिसतच नाई, तो इकत कायले घ्यावा मानसानं?"

मुलीची शाळेत असतानाची टाकी घरी रिकामी पडली होती. तिने मामाकडून एक गोणी अडाणची रेती भरून आणली, धुतली, टाकीत पसरली आणि मासा सोडला. मासा पाण्यात एक गिरकी घेऊन तोंड खाली करून असा काही रेतीत घुसला की शेपटीचं टोक तेवढं क्षणभर बाहेर राहिलं. मग तेही गेलं.

ती परत निघाली तेव्हा एसटी स्टँडवर मी तिची बॅग धरून उभा होतो. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करत होतो. ती म्हणाली, "बाबा, मासा तुमच्या भरोश्यावर ठेवून चालली. दिवस कलला का खायला टाका, तवाच निंगते तो बाहेर. बाकी काई करू नका. रेती उकरायची नाई."

"नाही उकरणार."

"आन मले दिवसातून एकच फोन."

ही दुसरी अट का, ते सांगायला हवं. ती गेली त्या पहिल्या सत्रात मी तिला सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी फोन करत असे. उचलला नाही तर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला करत असे. एकदा तिचा वर्ग चालू असताना मी होस्टेलच्या बाईंना फोन करून माझी मुलगी दिसत नाही असं सांगितलं होतं. त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती. बसच्या खिडकीतून ती पुन्हा म्हणाली, "मासा सांभाळला तुमी, तं मी समजीन का बाबा सुधरले. उन्हाळ्यात येऊन पाह्यते. नाई जमलं तं नदीत सोडून देऊ त्याले. मोकळा होईन बिचारा."

म्हणजे मी वर्गातल्या मुलांच्या परीक्षा घेतो तशी माझी परीक्षा लागली होती. आणि विषय असा की ज्यात मी कायम काठावर पास होणारा.

पहिले काही महिने मी नीट वागलो. दिवस कलला की खाणं टाकायचो आणि खुर्ची ओढून बसायचो. आधी डोळे वर यायचे. मग मिशा. मग तो साऱ्या अंगाने बाहेर येऊन रेतीवरून नाक घासत हिंडायचा. तोंडात रेती घ्यायचा, तिच्यातलं खाणं चाळून घ्यायचा आणि उरलेली रेती कल्ल्यांमधून बाहेर सोडायचा, एखादी म्हातारी सुपात धान पाखडते तशी. अधूनमधून सुळकन वर येऊन हवेचा एक घोट गिळून परत खाली. त्याला पाहताना मला दिवसाचा शीण जाणवायचा नाही. मग मी मुलीला ठरलेला एक फोन करायचो आणि बहुतेक माशाबद्दलच बोलायचो. ती म्हणायची, "बाबा, माह्याबद्दलबी इचारा काई."

पण काही दिवस तो यायचाच नाही. थंडीत तर दोन-दोन दिवस डोळेही दिसायचे नाहीत. मी टाकीच्या काचेला नाक लावून बसायचो. मेला असेल का? मेला असेल तर वास येईल का? वास आला तर तो माशाचा की माझ्या मनाचा? एकदा हात पाण्यापर्यंत गेला. बायको मागून म्हणाली, "उकरू नका. पोरगी तिकडून पाहून राह्यली." मी दचकून हात काढला आणि खरंच इकडेतिकडे पाहिलं.

होळी झाली आणि ऊन चढलं. वाशिमला कामानिमित्त गेलो होतो, तिथे एका दुकानात टाक्यांमध्ये घालायच्या काचेच्या निळ्या गोट्या दिसल्या. मोठ्या, चकचकीत, हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या. पाहताक्षणी माझ्या मनात पाप आलं. रेतीऐवजी या गोट्या घातल्या तर मासा कुठे लपणार? मुलीने रेती उकरू नका म्हटलं होतं. रेती काढू नका असं ती कुठे म्हणाली होती? मी गणिताचा शिक्षक असल्यामुळे शब्दांतली ही पळवाट मला बरोबर सापडली.

मी त्या घेतल्या आणि रविवारी दुपारी, बायको डुलकी काढत असताना, कामाला लागलो. माझा हिशेब साधा होता. वाटीने सगळी रेती काढायची. मासा पाण्यात राहील. मग गोट्या घालायच्या. रेती काढताना खाली गढूळ झालं, काही दिसेना. तरी मी न थांबता वाटीवर वाटी घमेल्यात ओतत गेलो. पाणी निवळलं तेव्हा टाकीचा तळ स्वच्छ होता. आणि टाकीत मासा नव्हता.

मी घमेल्यातली रेती थापीने एकदा वरखाली केली. काही हललं नाही. टाकीच्या मागे पाहिलं, टीव्हीखाली पाहिलं, स्वतःच्या खिशातही पाहिलं. मग मला कळून चुकलं की मासा आधीच, थंडीतच, गेला असणार. रेतीतच विरून गेला असणार. आणि मी मूर्खासारखा रोज संध्याकाळी रिकाम्या रेतीवर खाणं टाकत होतो. खाणं संपत होतं ते कसं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. दुःखात माणसाचं गणित असंच होतं.

बायको उठून आली. तिने निळ्या गोट्या पाहिल्या, माझा चेहरा पाहिला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्यामुळे मी अधिकच घाबरलो. थोड्या वेळाने म्हणाली, "ही रेती फेकू नका. माठाखाली लागतेच हाय."

आमच्याकडे उन्हाळ्यात माठ रेतीवर बसवतात. आमच्या ओसरीत सिमेंटची एक जुनी पसरट कुंडी आहे, तिला खाली भोक नाही. तिच्यात रेती भरायची, त्यावर माठ ठेवायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ रेतीवर तांब्याभर पाणी ओतायचं. रेती ओली राहते, माठ गार राहतो. काही घरी त्या रेतीत धने टाकतात, कोथिंबीर उगवते. नदीची चांगली रेती आता सहज मिळत नाही, म्हणून घरात आलेली रेती कुणी फेकत नाही. मी घमेलं उचलून कुंडीत रिकामं केलं, वर माठ बसवला आणि त्या रेतीला मनातल्या मनात हात जोडले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मुलगी पंधरवड्याने येणार होती. फोनवर ती विचारायची, "मासा कसा हाय?" मी म्हणायचो, "दिसत नाही सध्या." यात खोटं काही नव्हतं. पण फोन ठेवला की मी निळ्या गोट्या घातलेल्या त्या टाकीपुढे जाऊन उभा राहायचो. बायकोला मी म्हणालो, "तिला सांगून टाकतो." ती म्हणाली, "सांगा. पन तिची परीक्षा होऊ द्या. एका घरात एका वेळी एकच नापास बरा."

शेवटी न राहवून मी एका रविवारी इंझोरीला गेलो. माझ्या मेव्हण्याला, म्हणजे मुलीच्या मामाला, विश्वासात घेतलं. तो शेतकरी माणूस, बोलायला मोकळा. सगळं ऐकून त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला वाटलं गहिवरला. तो हसत होता.

"भाऊजी, एका मासोळीसाठी तुमी मानोऱ्याहून आले? चला. नदीत तशा लय हायेत. कोन्ती तुमची, कोन्ती आमची, कोनाले समजते?"

अडाण आटली होती. मधूनमधून डबकी आणि त्यांच्यामध्ये ओल्या रेतीचे पट्टे. मी पँट वर करून एका डबक्यात उतरलो. मेव्हणा बाभळीखाली बसून सूचना देत होता. माझ्या पँटच्या दुमडीतून पाणी आत गेलं, चष्मा दोनदा पडला. पण मुलीची पद्धत माझ्या लक्षात होती. मासा नाही धरायचा, रेती धरायची. दोन्ही हात खोल घालून मी ओंजळ वर काढली. पाणी गळालं, आणि तळहातावर तोच रंग, तेच ठिपके, त्याच दुःखी मिशा. रेती उचलली तर मासा सोबत आला होता.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटायला हवं होतं. पेटलं नाही. त्याऐवजी मी त्या माशाकडे पाहत राहिलो आणि मला वाटलं, याची काय चूक? तो आपल्या रेतीत होता. माझं पाप झाकायला हा का यावा? आणि मुलीला मी दुसराच मासा दाखवून तोच म्हणून सांगणार, आयुष्यभर?

मी हात पाण्यात धरले. मासा गेला.

"आता काहून सोडला?" मेव्हणा ओरडला.

"नको वाटलं."

"मंग पँट कायले ओली केली, भाऊजी?"

परतीच्या वाटेवर मोटरसायकल थांबवून मी मुलीला फोन लावला. तो त्या दिवसाचा दुसरा फोन होता, त्याबद्दल आधी माफी मागितली. मग सगळं सांगितलं. गोट्या, वाटी, पळवाट, सगळं. मग ती इतकंच म्हणाली, "बरं. पेपर झाला का येते मी." रागावली असती तर बरं झालं असतं. मी उरलेलं अंतर फार हळू गाडी चालवली.

ती आली त्या दुपारी मी एसटी स्टँडवर तिची बॅग घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन तिने चप्पल काढली आणि सरळ माठाकडे गेली. माठाजवळ आमची मांजर बसली होती. ती गेले काही दिवस तिथेच बसायची, कान टवकारून, कुंडीकडे एकटक पाहत. बायको म्हणायची, "हेबी तुमच्यासारखंच ध्यान लावून बसते." मी मांजरीला रोज हाकलायचो, कारण माठाचं पाणी.

मुलीने पाणी प्यायलं. निळ्या गोट्यांच्या टाकीकडे पाहिलं. मग मांजरीकडे पाहिलं. पेला हातातच राहिला.

"बाबा, रेती कुठी टाकली तुमी?"

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून हातातल्या उलथन्याने माठाकडे बोट केल्यासारखं केलं आणि तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

आम्ही दोघांनी माठ उचलून बाजूला ठेवला. मुलगी कुंडीजवळ उकिडवी बसली. वरची रेती घट्ट होती, खाली पाणी साचून ती पातळ झालेली. तिने दोन्ही हात कडेने खोल घातले आणि ओंजळ उचलली. नुसती रेती. पुन्हा घातले. मी डोळे मिटून घेतले होते, म्हणून नेमकं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. बायकोचा आवाज तेवढा ऐकू आला, "अवं माय! हाय तं!"

थोडा वाळला होता, अंगाने बारीक झाला होता, पण वळवळत होता. जिवंत. मिशा तशाच दुःखी. मला वाटतं, थोड्या अधिकच.

"तो माठाखालून थंड हवा खाऊन राह्यला, आन तुमी सुतक पाळून राह्यले," बायको म्हणाली. मग हसायला लागली ती थांबेचना. मुलगीही हसली. मीही हसलो असतो, पण मला आधी मांजरीची माफी मागायची होती.

गोट्या निघाल्या, रेती परत टाकीत गेली. माठाखाली बायकोने त्या निळ्या गोट्याच घातल्या आणि त्यावर जुनं पोतं. शेजारणी येऊन विचारतात, हे नवीन काय. ती म्हणते, "आमच्या मास्तरचा शोध हाय."

सुटी संपेपर्यंत माशाचा निकाल लागला नव्हता. मी विचारत नव्हतो, मुलगी सांगत नव्हती. निघायच्या दिवशी बॅग भरताना ती म्हणाली, "आता पाऊस नाई, नदीत पानी नाई. कुठी सोडता त्याले? ठेवा तुमीच." बॅगेची चेन ओढत म्हणाली, "फोन करून सांगतलं तुमी. दुसरा मासा आनून ठेवला असता तं मी वळखला नसता, बाबा. मामानं सांगतलं मले." मग पुन्हा बोट वर केलं. "पन उकरायचं नाई."

हे झालं गेल्या उन्हाळ्यात. आता मी खरंच उकरत नाही. दिवस कलला की खाणं टाकतो, खुर्ची ओढतो, आणि शेजारी मांजर येऊन बसते. आम्ही दोघं पाहतो. कधी डोळे वर येतात, कधी येत नाहीत. न आले तर मी उठून हातपाय धुतो आणि जेवायला बसतो. पहिल्या दिवशी घास गिळताना त्रास झाला होता. आता तेवढा होत नाही.

काल तर असं झालं की शाळेत तपासायचे पेपर होते, ते घरी आणून बसलो आणि मुलीला फोन करायचाच विसरलो. आज सकाळीही राहिला. आणि आत्ता, हे लिहीत असताना, फोन वाजला. माझ्या आधी बायकोने उचलला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला इथे ऐकू आला.

"आई, बाबा कुठी हायेत? कालपासून फोन नाई त्यायचा. बरे हायेत ना? मले कायबी इचार येऊन राह्यले!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवून हात पुढे केला. तिने फोन दिला नाही.

"हायेत वं," ती म्हणाली. "रेतीत हायेत. दिवस कलला का निंगतीन बाहेर."